काठावरची खाच

दुकानदाराची बायको सकाळपासून नेलकटर घेऊन बसली होती. नाण्याएवढ्या कासवांच्या कवचाच्या काठाला एक बारीक खाच, ही त्यांच्या दुकानाची खूण. आठ दिवसांत कासव मेलं तर खाच बघून बदलून द्यायचं. युक्ती तिचीच, आणि तिचा तिला कोण अभिमान! पण आज खाचा मारून संपतच नव्हत्या. या लाल पट्ट्याच्या परदेशी कासवांच्या विक्रीवर पुढच्या महिन्यापासून बंदी येणार होती, आणि नवऱ्याने त्याआधी खपवायला दुप्पट माल मागवला होता.

तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक बादली घेऊन आलं. आत ताटलीएवढं कासव. वासाने घरातले हैराण झाले होते म्हणे. नवऱ्याने नेहमीचाच सल्ला दिला, बागेमागच्या तळ्यात सोडा, सुटेल बिचारं. गिऱ्हाईक बादली तिथेच टेकवून सटकलं. मग बादली तिनेच उचलली. इतकी वर्षं हा सल्ला ती ऐकत आली होती, तळं मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

पाण्यात आडव्या पडलेल्या खोडावर अकरा कासवं ऊन खात होती. सगळी लाल पट्ट्याची. तिने वाकून बघितलं. जवळच्या प्रत्येकाच्या कवचाच्या काठाला खाच होती.

बागेतली माळीण जवळ आली. "आमची काळी कासवं बसायची इथं, ताई. यांनी ढकलून ढकलून हुसकावली. ऊन मिळालं नाही तर कसं जगायचं त्यांनी? दोन वर्षं झाली, काळं पिल्लू दिसलं नाही. कुठून येतात ही, देव जाणे."

बादली तशीच उचलून ती परत फिरली.

दुकानात नवी पेटी येऊन पडली होती. नवरा म्हणाला, खाचा मारायला घे.

"मी नाही मारणार. आणि पेटी परत जाईल."

तो भडकला. डोकं फिरलंय का, आपण नाही विकली तर शेजारचा विकेलच की!

"विकू दे. त्यांना माझी खाच नसेल."

एवढं बोलून तिने दारातली काचेची टाकी रिकामी केली आणि बादलीतलं कासव तिच्यात ठेवलं. दुपारभर ती आतबाहेर करत राहिली, खाली टेकली म्हणून नाही.

संध्याकाळी एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीने उरलेल्या पिल्लांकडे बोट दाखवलं. "ही एवढीच राहतात ना?" बाईंनी विचारलं.

पंधरा वर्षांचं पाठ उत्तर नवऱ्याच्या ओठांवर आलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती टाकीवर हात ठेवून उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "त्या टाकीतल्याएवढी होतात. आणि तीस-तीस वर्षं जगतात."

बाई मुलीचा हात धरून निघून गेल्या. नवऱ्याने न उघडलेली पेटी पुढे ओढली आणि तो पाठवणाऱ्याचा पत्ता शोधू लागला. ती अजून उभीच होती.

"अहो, उद्या लवकर उठा," ती म्हणाली. "माळीणबाईंना सांगायचंय, ती अकराही आमचीच आहेत."