जयाताईंचा सातवा घाणा

जया गायकवाड प्रयोगशाळेत प्रथिनं तयार करायच्या आणि प्रत्येक खेपेला 'घाणा' म्हणायच्या. जंतूंच्या पोटात उंदराचा जीन घालायचा, त्यांना वाढवायचं, फोडायचं आणि त्यातून उंदराचं हवं तेवढंच प्रथिन गाळून घ्यायचं. पुण्यातल्या त्या संस्थेत सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांच्या प्रथिनांवर भल्याभल्यांनी डॉक्टरेट पदरात पाडून घेतली. जयाताईंचं नाव मात्र एकाही शोधनिबंधावर लागलं नाही. तंत्रज्ञाचं नाव घालतं कोण!

डॉक्टरेट करणाऱ्या मिसबाने घातलं. तिच्यासाठी काढलेल्या सातव्या घाण्यातलं प्रथिन दिलं की उंदराच्या रोगप्रतिकारक पेशी खडबडून जाग्या होत आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडत. तीन वर्षांच्या त्या कामाचा निबंध तिने पाठवला, तेव्हा लेखकांत दुसरं नाव जयाताईंचं होतं. तिच्या मार्गदर्शक शेफाली मॅडमनी भुवई उंचावली, पण नाव खोडलं नाही. जयाताई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. निबंधावर नाव लागल्याची बातमी येरवड्यात त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला कळली होती.

मग नियतकालिकाच्या परीक्षकांचं पत्र आलं. मागणी एकच होती: प्रथिन उकळून प्रयोग पुन्हा करा. मागणी रास्तच होती. उकळलं की प्रथिन निकामी होतं. पण जंतूंच्या कवचाचा कचरा त्यात राहिला असेल तर त्याला उकळण्याचं काही वाटत नाही, आणि पेशींना जागं करायला तो एकटा पुरतो. पहिला घाणा तपासला होता, तो स्वच्छ निघाला होता. पुढचे कुणी तपासलेच नाहीत. जयाताईंच्या हातचं म्हणजे त्यात काय बघायचं, असं सगळे धरून चालले होते. मिसबाही त्यांतलीच.

आठ दिवस ती चालढकल करत राहिली. पदवी लांबली तर अब्बूंची समजूत घालता येईल, पण जयाताईंचं नाव गेलं तर काय, या विचाराने ती फ्रीझरपर्यंत जाऊन परत यायची.

"उकळून बघितलंस?" एका सकाळी जयाताईंनी विचारलं.

"हो. सगळं ठीक आहे."

जयाताईंनी फ्रीझरमधली पेटी काढून तिच्यापुढे ठेवली. सातव्या घाण्याच्या एकवीस नळ्या होत्या. गेल्या आठवड्यातही एकवीसच होत्या.

"मग उकळलंस काय, पाणी?"

मिसबाची मान खाली गेली. जयाताई रागावल्या नाहीत. त्यांनी एक नळी काढली, बर्फावर वितळू दिली, निम्मं प्रथिन बाजूला ठेवलं आणि निम्मं उकळत्या पाण्यात अर्धा तास धरलं. मिसबाने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग दोन्ही प्रथिनं त्यांनी स्वतःच पेशींवर घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचणीची प्लेट तयार झाली. पेशी जाग्या झाल्या असतील तर तिच्या खळग्यांत पिवळा रंग उतरतो. न उकळलेल्या प्रथिनाची रांग पिवळी होती. उकळलेल्याची रांगही तितकीच पिवळी होती.

मिसबाला रडू फुटलं. कुठेतरी चुकलं असेल, आपण पुन्हा करू, असं ती म्हणत राहिली. जयाताईंनी प्लेट खिडकीपाशी नेऊन दोनदा पाहिली. जुन्या गाळणीने कचरा सोडला असणार, ती बदलायला हवी होती, आपणच आपल्या हातावर विसंबलो, असं त्यांनी सांगून टाकलं. निबंध मागे घे, मॅडमना मी सांगते, असंही म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता आणि तो लपवायची खटपट त्यांनी केली नाही.

"पेढे अजून आणले नव्हते ते बरं झालं," एवढं मात्र म्हणाल्या.

मिसबाने डोळे पुसले आणि नोंदवहीत निकाल लिहिला. संस्थेच्या नोंदवहीत प्रत्येक पानाखाली दोन सह्या लागतात, प्रयोग करणाऱ्याची आणि साक्षीदाराची. हजारो पानांवर जयाताईंनी साक्षीदाराच्या जागी सही केली होती. प्रयोग कुणी का केलेला असेना, प्रयोग करणाऱ्याची जागा विद्यार्थ्याची असायची. मिसबा त्याच सवयीने तिथे सही करायला वाकली, तेव्हा जयाताईंनी तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

"घाणा माझा, उकळला मी."

प्रयोग करणाऱ्याच्या जागी त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं: जया भीमराव गायकवाड. शाई वाळेपर्यंत त्या नावाकडे बघत राहिल्या. मग वही मिसबाकडे सरकवली.

"तू साक्षीला."

मिसबाने खाली सही केली.