अर्धी काच पाणी

वाफेचं इंजिन जपायचं म्हणजे काय करायचं, असं चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या बंद कारखान्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळायचं: रंग. दोन-तीन वर्षांनी कुणीतरी साहेब यायचे, इंजिनावर काळ्या रंगाचा आणखी एक थर चढायचा, चाकांना पांढरी किनार, की झाली जपणूक. आत काय चाललंय ते बघायला कोण जातो? वरून कीर्तन, आतून तमाशा.

रत्नाकर पाळंदे मात्र आत बघायलाच आला होता. नोकरीसाठी पंचविसाव्या वर्षी मिरजेहून तो इथे आला, या कारखान्याच्या मालाच्या वाघिणी ओढणाऱ्या छोट्या इंजिनावर फिटर झाला, आणि कारखान्याला टाळं लागल्यावरही शहर सोडायचं राहूनच गेलं. आता अडुसष्टावं चालू होतं. बायको विद्युलता जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा कॅनडात. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललंच तर लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई, तीही त्याला न विचारता.

अशात कौमुदीचा फोन आला. कारखान्याची जागा घेतलेल्या कंपनीला ते इंजिन पुन्हा वाफेवर चालवायचं होतं, महिन्यातले दोन रविवार, लोकांना दाखवायला. कौमुदी त्या कामाची इंजिनिअर, तंजावरी मराठी घरातली. “तुमच्यावाचून ते कोणास कळते, सार?” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सातलाच रत्नाकर फाटकाशी हजर. बॉयलर धड निघाला तर दोन रविवार त्याचे होते. बाकीचा महिना त्या दोन दिवसांच्या आशेवर निघाला असता. एवढंच हवं होतं त्याला.

बॉयलर धुण्यासाठी त्याच्या अंगाला भोकं ठेवलेली असतात, त्यांना बुचं. ती उघडायलाच तीन दिवस लागले. तेल पाजलं, गरम केलं, पान्याच्या दांड्यावर नळी चढवून दोन माणसांनी जोर लावला. चौथ्या दिवशी खालचं बूच फिरलं आणि आतून तांबडा चिखल ओघळला. रत्नाकरनं वरच्या बुचाच्या भोकातून काठीला बांधलेला आरसा आत सरकवला, बॅटरी मारली. वरचा पत्रा बरा होता. एका सरळ रेषेच्या खाली मात्र वाळवी लागलेल्या चौकटीसारखा पोखरलेला. ती रेषा कुठं होती ते त्याला मोजावं लागलं नाही. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या बरोबर मध्यावर.

त्यानं आरसा बाहेर काढून पुसला आणि पुन्हा आत घातला.

नारायणस्वामी त्याचा फोरमन. वारला त्यालाही आता वीस वर्षं झाली. इंजिन रात्री ठेवताना काच अर्धी भरलेली हवी, म्हणजे सकाळी पेटवणाऱ्याची खोटी होत नाही, हा त्याचा रोजचा दंडक. पण टाळं लागलं त्या दुपारी त्यानं उलट सांगितलं होतं. “सगळं पाणी काढ. बुचं उघडी ठेव. लाकडं जाळून आतून कोरडं कर. बंद इंजिनात अर्धं पाणी म्हणजे गंजाला आवतण.” रत्नाकरनं मान डोलावली. फोरमनची पाठ वळली आणि त्याचा हात काही चालेना. पाणी काढायचं म्हणजे इंजिन मेलं असं आपणच ठरवायचं. टाळं आठ दिवसांत निघेल, असं तर सगळेच म्हणत होते. त्यानं काच अर्धी भरली, झडपा आवळल्या आणि घरी जाऊन गाढ झोपला. त्या आठ दिवसांची तेहतीस वर्षं झाली.

कौमुदीनंही आरशात डोकावून पाहिलं. “समुद्राची हवा, नाही का सार? लोखंड खाते ती.”

आयती सबब चालून आली होती. हो म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

“हवा नव्हे,” रत्नाकर म्हणाला. “मी.” आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

तिनं मन लावून ऐकलं. मग हलकेच म्हणाली, “परवाइल्ले, सार. किती वर्षं झाली त्यास!”

परवाइल्ले, म्हणजे असू दे, चालायचंच. पायावर पाय पडला, बस चुकली, सुटे नाहीत, या शहरात सगळ्यावर हाच एक उतारा. पत्रा इतका गेला म्हणजे वाफ काही धरता येणार नाही, हे तिनं स्वतःच ओळखलं. बुचं वेल्ड करून इंजिन फाटकाशी उभं करू, शिट्टीला आत स्पीकर बसवू, पोरांना गंमत वाटेल, असं ती समजुतीनं सांगत राहिली. पोरगी वाईट नव्हती हो. चांगलीच होती.

पण रत्नाकरला या घडीला नारायणस्वामी हवा होता. हातातला पाना फेकून मारणारा, “मुट्टाळ! मूर्खा!” म्हणून साऱ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडणारा, आठ दिवस तोंड न बघणारा. काय गेलं ते त्याला कळलं असतं. आता ते कळणारा एकच माणूस या गावात उरला होता, आणि गुन्हेगारही तोच.

“कौमुदी,” तो म्हणाला, “जरा रागाव ना माझ्यावर.”

ती हसली. तिला ती थट्टाच वाटली. “तुमच्यावर कशास रागवू, सार? वडील माणूस तुम्ही. बसा, कॉफी आणते.”

कॉफी तिनं स्वतः आणली, गरमागरम, वर फेस असलेली. रत्नाकर शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. उद्या यायचं का, एवढं विचारायचं होतं. ते काही त्याच्यानं विचारवलं नाही.