पंख्याकडची नजर

"अहो आई, मान मागे नका करू त्याची."

नम्रता स्वयंपाकघरातून धावली, पण तोवर मंदाकिनीबाईंनी नातवाची हनुवटी वर करून पळीभर तीर्थ तोंडात सोडलंही होतं. बारा वर्षांच्या गंधारची मूठ उघडत नाही, मग तळहातावर तीर्थ द्यायचं कसं, एवढाच त्यांचा साधा विचार. गंधार लालबुंद झाला. खोकला येईना. नम्रताने त्याला चाकाच्या खुर्चीत पुढे वाकवलं, हनुवटी छातीशी आणली. सत्यनारायणाला जमलेली मंडळी उठून उभी राहिली. एकदाचा तो खोकला, तेव्हा नम्रताने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"तीर्थ होतं गं, विष नव्हे," मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण पळी त्यांनी बाजूला ठेवली होती.

"पाणी होतं. सेरेब्रल पाल्सी आहे त्याला, आई. गिळायचा निरोप मेंदूकडून वेळेवर येत नाही. पातळ काही दिलं की श्वासनलिकेत उतरतं. शिरा दिला असतात तर चाललं असतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला विचारायला काय झालं होतं?"

परवा नम्रताचं ऑपरेशन होतं. लेकाला उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. विश्वजीत दवाखान्यात बायकोजवळ थांबणार, म्हणून गंधारने आठवडाभर इथे हडपसरला आजीकडे राहायचं ठरलं होतं. आता कोणाच्या भरवशावर टाकून जायचं याला?

मंडळी पांगल्यावर मंदाकिनीबाई शिऱ्याची वाटी घेऊन त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या. दर भेटीत विचारायच्या तेच विचारलं.

"राहतोस का रे आजीकडे?"

गंधारने नजर वर, छताकडे नेली.

"पंख्यात जीव पोराचा," म्हणत त्या सवयीने बटणाकडे निघाल्या.

वर्षानुवर्षं हेच चाललं होतं आणि नम्रताने कधी खुलासा केला नव्हता. खुलासा केला असता तर त्याला इथे सोडून जावं लागलं असतं.

"आई," नम्रता म्हणाली, "वर बघणं म्हणजे त्याचं 'हो' असतं."

मंदाकिनीबाईंचा हात बटणाशीच थांबला.

"म्हणजे दर वेळी?"

नम्रताने मान डोलावली.

बाई परत येऊन बसल्या. चमच्याच्या टोकावर शिरा घेतला. "हनुवटी खाली, ना?" एवढं सुनेला विचारलं, आणि मग गंधारकडे वळून म्हणाल्या, "देऊ?"

त्याची नजर वर गेली. बंद पंख्याखाली गंधार तो घास गिळेपर्यंत बाई रिकामा चमचा धरून बसून राहिल्या.