पाठ नसलेला चाकू

जयमालाला आपल्या नवऱ्याच्या डाव्या हाताची किळस यायची. उजवा हात चारचौघांसारखा केसाळ होता. डावा मात्र मनगटापासून कोपरापर्यंत सोललेल्या कोंबडीसारखा गुळगुळीत. श्यामकांत प्रत्येक नव्या चाकूची धार स्वतःच्या हातावर बघायचा. केस सरसर उतरले की चाकू पास. उतरलेले केस तो फुंकर मारून उडवायचा, आणि ते उडून कुठे जायचे हे काय सांगायला हवं? एकदा वरणात निघाला होता.

श्यामकांत डहाणू रोडला रेल्वेत फिटर होता. ड्युटी संपली की सरावलीच्या घरामागच्या पडवीत त्याचा दुसरा संसार सुरू व्हायचा. अच्छाडच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे आणायचे, भट्टीत तापवायचे, रुळाच्या तुकड्यावर ठोकायचे आणि चाकू करायचे. चिकूची कलमं बांधणारे माळी त्याच्याचकडे येत. झाईच्या मासळीवाल्या बायका दोन एसट्या बदलून येत. तापलं पातं जळक्या तेलात बुडवलं की काळा धूर घरभर फिरायचा, आणि मुठीसाठी म्हशीचं शिंग घासायला घेतलं की असा वास सुटायचा की जयमालाला घास जाईना. ती शाळेत शिकवायची. फळ्याकडे वळताना तिला स्वतःच्याच पदराला तो वास यायचा. बावीस वर्षं ती "शी!" म्हणत होती आणि बावीस वर्षं स्वयंपाकघर आणि पडवीमधल्या दाराला आतून कडी होती.

कडी एकाच कामासाठी निघायची. नवीन घाटाचा चाकू झाला की श्यामकांत दारावर टकटक करायचा आणि मुठीकडून चाकू आत द्यायचा. "जयू, पहिला काप." ती नाक मुरडायची, चाकू तीनदा धुवायची, मग जे काही चिरायचं असेल ते चिरायची आणि निकाल द्यायची. मूठ जाड आहे. टोक उगाच लांबवलंय. तिने नाही म्हटलेला चाकू त्या घरातून कधी बाहेर गेला नाही. यात तिला मजा येते हे तिने कधी कबूल केलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

तिच्या नाकाची बाजू घेणारा एकच माणूस होता, तिच्याच शाळेतले रविंद्र गुरुजी. पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळाला गंध, खिशात अत्तराचा रुमाल. घरी आले की ओटीवरच बसायचे, रुमाल नाकाला लावूनच चहा घ्यायचे. इतक्या वर्षांत पडवीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. जयमालाला लाज वाटायची आणि त्या रुमालाचं कौतुकही वाटायचं. त्यांनीच आपला बोईसरचा भाचा शैलेश जयमालाच्या मुलीसाठी, श्रुतिकासाठी सुचवला होता. पोरं एकमेकांना पसंत होती. माघात साखरपुडा ठरला होता.

ते त्र्याण्णव साल होतं. दंगलीत मुंबई पेटली होती, आणि डहाणूला उतरणारी माणसं बोचकी घेऊन उतरत होती. संक्रांतीच्या दिवशी गुरुजी आले. "तीळगूळ घ्या, गोड बोला," म्हणत त्यांनी जयमालाच्या हातावर लाडू ठेवला आणि चपला काढून सरळ पडवीत गेले. रुमाल खिशातच राहिला. पांढऱ्या पँटनिशी ते कोळशाच्या पोत्यावर बसले! जयमालाने लाडू हातात धरूनच, कधी नव्हे ते, मधल्या दाराची कडी काढली.

गुरुजींनी वहीतला कागद उलगडला. चित्र पट्टी लावून काढलेलं, मापं सुवाच्य अक्षरात.

"साठ नग, श्यामराव. नऊ इंच. दोन्ही बाजूंना धार. आणि पात्यावर तुमचा ठसा नको."

"दोन्ही बाजूंना धार कशाला, भावजी?" जयमालाने दारातून विचारलं. "काय चिरायचंय?"

"वहिनी, दिवस काय आलेत बघताय ना. आपली माणसं आपणच सांभाळायची. वरच्या आळीत कोण राहतं ते तुम्हाला मी सांगायला नको. देव करो आणि वापरायची वेळ न येवो."

"आणि आली तर?"

गुरुजी हसले. "तुम्ही तीळगूळ खा आधी."

वरच्या आळीतला शिंपी जयमालाचे ब्लाऊज शिवायचा. त्याची मुलगी शाळेत पहिल्या बाकावर बसायची आणि हेच गुरुजी तिला गणित शिकवायचे, तिच्या वहीवर लाल पेनाने 'शाब्बास' लिहायचे. जयमालाने तोंडात टाकलेला लाडू तिला वाळूसारखा लागला. मोरीत जाऊन तिने तो थुंकून टाकला.

"नाही म्हणून सांगा त्यांना," गुरुजी गेल्यावर ती म्हणाली.

"श्रुतिकाचं ठरलंय ना त्यांच्यात," श्यामकांत खाली बघत म्हणाला. "एक नमुना करतो. मग बघू."

इथवर ठीक होतं. मुलीसाठी बाप मन मारतो, हे तिला कळत होतं. पण पुढच्या तीन दिवसांत तिने जे पाहिलं ते मन मारणं नव्हतं. श्यामकांत रंगला होता! दोन धारांचं पातं त्याने कधी केलं नव्हतं. दोन्हीकडून सारखं उतरलं पाहिजे, तेलात बुडवताना वाकलं नाही पाहिजे. जेवताना तो पोळीच्या तुकड्याने ताटात पात्याचा आकार काढत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हात धुवायला मोरीवर आला तेव्हा तिने पाहिलं, त्याचा उजवा हातही भादरलेला होता. एक धार डाव्या हातावर बघितली, दुसरी उजव्यावर. आणि तोंडावर नातवंड झाल्यासारखा आनंद.

तिला "शी" म्हणायचं होतं. पण वरणातल्या केसाला शी म्हणता येतं. याला काय म्हणायचं? बावीस वर्षं आपण चुकीच्या गोष्टीची किळस करत बसलो, असं वाटून तिला स्वतःचाही वीट आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी गुरुजी नमुना बघायला येणार होते. जयमाला लाल भोपळा घेऊन बसली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. इतक्यात मधल्या दारावर टकटक झाली. तिने सवयीने कडी काढली. मुठीकडून चाकू आत आला.

"जयू, पहिला काप."

तोही सवयीनेच बोलला. तिनेही सवयीने चाकू तीनदा धुतला आणि भोपळ्यावर ठेवला. भोपळा मोठा, साल टणक. बावीस वर्षं जसा दाबत आली तसा तिने डावा तळहात चाकूच्या पाठीवर ठेवला आणि सगळा भार दिला.

चाकूला पाठ नव्हती.

रक्त भोपळ्यावर आलं, तिथून ताटात आलं. श्रुतिका ओरडत धावली. श्यामकांत दारातच थिजला. तेवढ्यात गुरुजी पडवीत शिरले आणि श्यामकांतच्या खांद्यावरून त्यांनी आत डोकावलं. जयमालाने वर पाहिलं. गुरुजी तिच्या हाताकडे बघत नव्हते. भोपळ्यात रुतलेल्या पात्याकडे बघत होते.

"वा!" ते म्हणाले. "धार मात्र फर्स्ट क्लास लागलीय, श्यामराव!"

श्यामकांतने आत येऊन आधी हळदीचा डबा उचलला आणि जखमेत मूठभर हळद कोंबली. मग त्याने भोपळ्यातून चाकू उपसला, पडवीत नेऊन शिकंज्यात आवळला आणि कानस घेऊन एका बाजूची धार घासायला लागला. तीन दिवसांची मेहनत खर्र खर्र करत भुशासारखी खाली पडत होती.

"अहो, हे काय करताय?" गुरुजींनी विचारलं.

"पाठ करतोय," श्यामकांत म्हणाला. "हात ठेवायला जागा नाही तो चाकू नव्हे, गुरुजी. ती चूक माझी. कागद तुमचा तुम्ही घेऊन जा."

गुरुजींचा आवाज तेवढाच गोड राहिला. "शांतपणे विचार करा. आपलं नातं जुळतंय. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

श्यामकांतची कानस थांबली. त्याने जयमालाकडे पाहिलं. जयमालाने श्रुतिकाकडे पाहिलं. श्रुतिका आईचा हात फडक्यात बांधत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती गाठ मारायची थांबली नाही.

"बाबा, घासा," ती म्हणाली.

गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला आणि ते गेले.

आठ दिवसांनी बोईसरहून पत्र आलं. श्रुतिकाने ते उभ्यानेच, मोठ्याने वाचलं. मुलगी चांगली आहे, तक्रार काही नाही. परंतु मुलीच्या माहेरी सदैव घाणेरडा वास येत असतो असं गुरुजींकडून समजलं. आमच्या घरी सोवळंओवळं असल्याने क्षमस्व.

वाचून झाल्यावर ती कागदाकडे बघत राहिली. दोन टिपं कागदावर पडली, मग तिने नाक ओढलं. "आई, खोटं काहीच लिहिलेलं नाही गं."

पलीकडे पडवीत शिंग घासल्याचा आवाज येत होता. जयमाला उठली. बांधलेल्या हाताने तिने मधल्या दाराची कडी काढली, दार सताड उघडून त्याला वरवंटा लावला आणि उंबऱ्यात उभं राहून छातीभर श्वास घेतला.

"शी!" ती म्हणाली, आणि तिथेच बसली.