रांजणावरचा कटोरा

मित्रांनो, मी तांब्याचा जुना कटोरा. शेवगावात गुलाबभाई कल्हईवाल्यांच्या घरी रांजणाच्या झाकणावर माझी जागा. बाजारच्या दिवशी बाया भांडी घेऊन त्यांच्या दारात बसायच्या, पण कल्हई आधी मला लागायची. तीस वर्षं असंच चाललं.

मग गुलाबभाई विसरायला लागले. आधी कुणाचं पातेलं कुठलं ते, मग गल्ली, मग सुनेचं, जैतूनचं, नाव. शेजारचे बन्सी मास्तर परीक्षेसाठी मानसशास्त्र वाचत होते. ते म्हणाले, "जैतून, नवं आधी पुसलं जातं. हाताची सवय मात्र लई चिवट."

बहात्तर साली रमजान ऐन ऑक्टोबरच्या उन्हात आला. जैतून सासऱ्याला म्हणाली, "अब्बा, म्हाताऱ्यांना सूट हाय."

"म्हातारा तुझा बाप! मी एक रोजा सोडला न्हाई कधी."

दुपारी उठले, मला रांजणात बुडवलं आणि घटाघटा प्याले. समोर जैतून दिसली तेव्हा आठवलं. मी हातातून पडलो.

"रोजा गेला गं माझा!" ते लहान पोरासारखे रडले.

"न्हाई गेला, अब्बा. इसरून प्यालं तर मोडत न्हाई. अल्लानंच पाजलं म्हनायचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी, जैतूनचं तोंड, रडणं. मास्तरांनी तोड काढली. "कटोरा डोळ्याआड ठेव. दिसला न्हाई की हात जानार न्हाई."

मला फडताळात टाकलं. वाईट वगैरे वाटलं नाही, भांड्याला काय! पाणी खरंच थांबलं. चौथ्या दिवशी गुलाबभाई ओट्यावर चक्कर येऊन पडले.

मौलवी बघायला आले. सगळं ऐकून म्हणाले, "धडधाकट मानूस इसरून खात आसंल तर त्याला सांगावं. थकलेल्याला सांगू नये. पिऊ द्यावं."

मास्तर डोकं खाजवत म्हणाले, "आमच्या पुस्तकात हे न्हाई बुवा."

"मग लिहून घ्या की!"

मी परत झाकणावर आलो. गुलाबभाई उठले की जैतून पाठ फिरवून अंगण झाडायला लागायची. तिचं तोंड दिसलं नाही की त्यांना काही आठवायचं नाही. प्यायचे, मला जागेवर ठेवायचे, जायचे.

संध्याकाळी अजान झाली की खजूर उचलून म्हणायचे, "बघ, आजचाबी पुरा झाला."

"व्हय अब्बा, पुरा झाला."

मित्रांनो, मला घासा-पुसा असं मी म्हणत नाही. घरात कुणी विसरत असेल तर पाण्याचं भांडं त्याच्या हाताशी राहू द्या. आणि तो पीत असताना जरा दुसरीकडं बघा.