बोनेटवरचा हात

"रेस द्या साहेब. दाबून द्या, भिऊ नका."

मधुकररावांनी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला आणि रेस दिली. उघड्या बोनेटखाली अख्खं इंजिन मागे कलंडलं आणि धाडकन परत आलं. गिअरचा दांडा त्यांच्या गुडघ्यावर असा बसला, की साहेबांच्या तोंडून कुवेतची भाषा बाहेर पडली.

"फाउंडेशन फाटलं," धोंडबा म्हणाला.

"चौथ्यांदा, धोंडबाजी. मुंबईहून नवीन आणून बसवतो, दोन महिने टिकतं, की फाटलंच."

फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांच्यावर बसतं ते रबराचे ठोकळे. नागपुरात आमच्या इंदोऱ्यातल्या गॅरेजांच्या लाइनीत तेव्हा अँबेसेडर आणि फियाटच यायच्या. त्यांचं इंजिन उभं, जोर मागच्या चाकांना. ही बया वेगळी होती. इंजिन आडवं, पुढचीच चाकं गाडी ओढायची, आणि ताकद एकशे तीस घोड्यांची. पाय दाबला की तो सगळा हिसका त्या नाजूक जपानी रबरावर. फाटेल नाही तर काय करेल बिचारं! मधुकरराव आठ वर्षं कुवेतला होते, तिथून त्यांनी ती जहाजानं आणली होती. प्रताप नगरातून ती निघाली की पोरं सायकली टाकून बघत उभी राहायची. सन शहाऐंशीची गोष्ट ही, मे महिना.

"ठेवून जा," धोंडबा म्हणाला. "याच्यापेक्षा मजबूत बनवून देतो. परत फाटलं तं माहं नाव बदला."

मी शेजारच्या शेडमधून हे ऐकलं आणि लेथ बंद केली. मी रुपराव, टर्नर. धोंडबाच्या आणि माझ्या शेडमध्ये एक पत्रा होता. वीस वर्षं त्या पत्र्यातून आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या. साहेब रिक्षात बसून गेल्याबरोबर मी पत्र्यावर हात मारला.

"काहून घेतलं बे हे काम? मरायचं हाये का?"

"तू तुही लेथ चालव."

मला राग आला तो उगाच नाही. धोंडबा म्हणजे आमच्या लाइनीचा हात. चालू गाडीच्या बोनेटवर पंजा टेकायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा: तिसरा प्लग गेला, टॅपेट सैल हाये, पंप हवा घेते. बोनेट न उघडता! कामठीपासून वर्धा रोडपर्यंतचे मेकॅनिक अडले की त्याच्याकडे यायचे, "जय भीम उस्ताद" म्हणत. आणि त्याच हातानं त्यानं महिनाभरापूर्वी माझ्यासमोर तापलेला सायलेन्सर उचलला होता. कातडी जळाल्याचा वास मला आला. त्याला नाही. बोलत होता आपला, रामटेकच्या मेहुण्याच्या लग्नाचं काहीतरी. डॉक्टरनं सांगितलं, साखरेनं बोटांची जाणीव चालली आहे, परत येणार नाही. हे दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. मला त्यानं शपथ घातली होती.

"मले पायचं हाये," पत्र्यापलीकडून तो हळूच म्हणाला. "अजून होते का माह्यानं. नाई झालं तं शटर खाली घेतो, रुपराव. खरं सांगतो."

मी पुन्हा लेथ सुरू केली.

कबाड्याकडून त्यानं कन्हानकडच्या कोळसा खाणीतला जुना पट्टा आणला. बोटभर जाड, आत कापडाचे थर, नखही रुतणार नाही असला. त्याचे तुकडे एकावर एक दाबून ठोकळे केले. मधली लोखंडी नळी मी करून दिली.

"लई कडक हाये गा," मी ठोकळा दाबून म्हटलं.

त्यानंही दाबून पाहिला. "कडकच पायजे."

तिथेच बोलायला हवं होतं, पण त्याच्या तोंडावर महिनाभरानं जरा रंग आला होता.

चौथ्या दिवशी साहेब सकाळीच आले. लाइनीतले पाच-सहा जण जमले. पुन्हा हँडब्रेक, पुन्हा रेस. इंजिन तसूभर हललं नाही. "वा रे पठ्ठ्या!" कुणीतरी ओरडलं. साहेब हसले, गाडी न्यूट्रलला टाकून चहाचा ग्लास डॅशबोर्डवर ठेवला. धोंडबानं बोनेट लावलं, वर पंजा टेकला, डोळे मिटले.

"पाहा साहेब. एकदम शांत."

ग्लास थरथरत काचेकडून कडेला सरकत होता. चहा हिंदकळून डॅशबोर्डभर सांडला. बोनेटचा पत्रा झणझणत होता, आरसा हलत होता, गाडीखालची धूळसुद्धा नाचत होती, आणि आमचा धोंडबा त्या झणझणत्या पत्र्यावर हात ठेवून समाधानानं उभा.

साहेब सज्जन. ग्लास उचलून हळूच म्हणाले, "धोंडबाजी, हिसका गेला, मानलं. पण जरा हादरते आहे. दात वाजतात हो."

"कुठं हादरून राहिली?" धोंडबानं डोळे उघडले. ग्लास पाहिला. सगळ्यांची तोंडं पाहिली. मग आपल्या हाताकडे पाहिलं. परक्याचा हात असावा तसं.

"संध्याकाळी या, साहेब," मीच म्हटलं. "थोडं सेटिंग राहिलं हाये."

माणसं पांगली. धोंडबाची बायको, कांतावहिनी, डबा घेऊन आली होती, ती मात्र खांबाशीच उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. धोंडबा स्टुलावर बसला आणि मला म्हणाला, "शटर घे खाली."

"काहून?" वहिनी पुढे आली. "हाताचं मले सांगायची लाज वाटली का?"

"काई नाई झालं हाताले."

"दोन महिने तुमच्या शर्टाची बटनं मी लावून राहिली. घाई हाये म्हणता, मी लावते. मले काय समजत नाई, असं वाटते तुमाले?"

धोंडबा रडला. मोठ्यानं नाही, पण रडला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. वहिनीनं डबा बाकावर ठेवला, पदर खोचला आणि सरळ जाऊन बोनेटवर हात टेकला.

"चालू करा. काय पायचं असते ते सांगा."

"तुले काय समजते वं गाडीतलं?"

"गाडीतलं नाई समजत. वीस वर्षं झाली, रोज हजार विड्या वळते. एकीत चिमूटभर तंबाखू जास्त झाला तं बोटाले समजते. तुमच्या त्या इंजिनापेक्षा विडी बारीक असते, समजलं?"

मी आधी जाऊन चावी फिरवली. भांडण वाढण्याआधी काम सुरू झालेलं बरं.

"कसं वाटते?" धोंडबानं विचारलं.

"मुंग्या येऊन राहिल्या. कोपरापर्यंत."

धोंडबानं बोनेट उघडून ठोकळ्यांकडे निरखून पाहिलं. मग मला म्हणाला, "रुपराव, पातळ पाइपाले धार लावून दे. नळीच्या वर अन् खाली भोकं पाडतो. बाजूले रबर घट्टच ठेवतो. हिसका पुढं-मागं बसते, तो बाजूचं रबर खाईल. हादरा वर-खाली जाते, त्याले भोकात जागा भेटेल." डोकं बघा माणसाचं! शाळेत सातवीपर्यंत गेलेला.

एकेक भोक म्हणजे पाऊण तास. इंजिनखाली जॅक, बोल्ट काढा, ठोकळे काढा, भोक पाडा, पुन्हा बसवा. डोक्यावर पत्रा, बाहेर नागपूरचा मे. बोल्ट मी धरत होतो, कारण त्याच्या हातून दोनदा निसटले; तेलकट ठोकळे वहिनी धरून बसायची. पहिल्या भोकाला वहिनी म्हणाली, "मनगटापर्यंत आल्या मुंग्या." दुसऱ्याला म्हणाली, "आता चक्कीत पीठ पडते, तसं लागून राहिलं." धोंडबा तिला मेकॅनिकला विचारावं तसं विचारायचा, "भरभर का थांबून थांबून? उजव्या अंगानं जास्त का डाव्या?" ती डोळे मिटायची आणि सांगायची. त्या दिवशी ना तिची एक विडी वळून झाली ना आमचा डबा उघडला.

तिसऱ्या भोकानंतर तिनं डोळे मिटून पंजा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आता?"

"थांबा ना गा." मग हळूच हसली. "मांजर झोपली."

साहेब संध्याकाळी आले, कामठी रोडला एक चक्कर मारून परतले आणि गाडीतून उतरण्याआधीच ओरडले, "व्वा, धोंडबाजी! उगाच नाही लोक म्हणत, हात आहे तुमचा!"

लाइनीतली सगळी माणसं पुन्हा जमली होती. सकाळचं त्यांनी पाहिलं होतं, पण हे ऐकून सगळे हसले, सुटलो म्हणून. धोंडबानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. मी मनात म्हणत होतो, गप राह्य, धोंडबा, गप राह्य.

"माहा नाई, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माह्या हाताले आता काई समजत नाई. साखरेनं गेला. हे हिनं सांगितलं, मी फक्त भोकं पाडली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि वहिनीला हात जोडले. ती पार गोंधळली.

मला वाटलं होतं, आता गाड्या येणं बंद होईल. तसं झालं नाही. पुढची सात वर्षं, धोंडबा होता तोवर, वहिनी दुपारी विड्यांचं सूप घेऊन शेडमध्येच बसायची. गाडी आली की उठायची, पंजा टेकायची, सांगायची. तो ऐकायचा आणि पाना मागायचा. लोक तिलाही उस्ताद म्हणायला लागले, आधी गमतीनं, मग खरंच. कितीतरी गाड्या गेल्या त्या लाइनीतून. माझी लेथही गेली. पण आठवतं ते त्या पहिल्या दिवशीचंच.

साहेब गेल्यावर वहिनीचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. धोंडबानं तिला रॉकेलचा बोळा दिला, साबण दिला आणि ड्रमातून तांब्या भरून तिच्या हातांवर पाणी ओतू लागला. तो ड्रम दिवसभर उन्हात होता. त्या पाण्याचा चटका मी दुपारीच घेतला होता. वहिनीनं ओठ दाबले, पण हात मागे घेतले नाहीत.

"थंड हाये ना वं पाणी?" धोंडबानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "एकदम थंड हाये. ओता तुमी."