चार बोल्टांची पुरचुंडी

मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. काळाचौकीच्या आमच्या चाळीसमोर आज ज्या चकचकीत गाड्या उभ्या असतात, त्यांना जरा ओरखडा आला की मालकाचं तोंड उतरतं. मी अंगावर ओरखडे मिरवले. आता निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. मांजरी माझ्या सीटवर वितात, चाळीतल्या नव्या सुना माझ्यावर गोधड्या वाळत घालतात. घाला म्हणावं. मी अजून मेलेली नाही.

मला सीतारामने लिलावातून आणलं. त्याची गिरणी बंद पडली तेव्हा लोक घरात डोकं धरून बसले, हा मला घेऊन आला. कधी भाजी वाहिली, कधी मंडपाचे बांबू वाहिले. पण अनंत चतुर्दशीला मी कोणाचं भाडं घेत नसे. त्या दिवशी आमच्या चाळीचा गणपती माझ्यात बसून गिरगाव चौपाटीला जायचा. सीताराम गेला तरी त्याच्या बायकोने, राधाबाईने, तो मान सोडला नाही. निघताना माझ्या चाकाखाली लिंबू ठेवायचं ते तिनेच. दुसऱ्या कोणी हात पुढे केला तर ती नुसती बघायची, आणि हात मागे जायचा. ती आणि मी एकाच वळणाच्या. चुकलं म्हणायची सवय दोघींनाही नाही.

तिचा मुलगा विनीत परळला गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्याला माझं वेड. सुट्टी मिळाली की मला कर्जतच्या बाजूला न्यायचा, जिथे जीपवाले चिखलातून, दगडांतून, उभ्या चढावरून गाड्या चालवायच्या स्पर्धा करतात. म्हातारपणी मला हे काय सुचलं असं तुम्ही म्हणाल. खरं सांगते, मला आवडायचं.

पण माझ्या डोक्यावर नुसतं कापडाचं छप्पर. गाडी उलटली तर आतल्याची कवटी फुटायची. म्हणून विनीतने रोल केज बसवायचं ठरवलं. रोल केज म्हणजे जाड पाइपांची चौकट. गाडी उलटली तरी वजन तिने झेलायचं, आतला माणूस शाबूत राहायचा.

काम घेतलं गंगाधरने. सीतारामचा जुना दोस्त, जहाजं तोडतात त्या दारूखान्याजवळ त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्याने विनीतला हेल्मेट घालून माझ्यात बसवलं आणि डोक्यावर चार बोटं जागा सोडून माप घेतलं. पाइप वाकवले. मग माझ्या हाडांना भोकं पाडायला लागला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी कण्हले नव्हते, त्या दिवशी कण्हले. चौकटीला सहा पाय. गंगाधर म्हणाला, सगळे पाय वेल्डिंगने कायमचे जोडू, म्हणजे काळजी नको.

राधाबाई जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आणि बाप्पाला कुठे बसवणार? तुझ्या मांडीवर?"

खरं होतं. ती चौकट असताना गणपतीची मूर्ती माझ्यात चढवताच येत नव्हती.

"वहिनी, पोराच्या जिवाचा प्रश्न आहे," गंगाधर म्हणाला.

"माझा बाप्पा पिंजऱ्यात बसायचा नाही," राधाबाई म्हणाली, आणि वर निघून गेली. विषय संपला.

मग मधला मार्ग निघाला. चौकट बोल्टने बसवायची. गणपतीच्या आधी काढायची, विसर्जनानंतर पुन्हा लावायची. एका पायाला चार, असे चोवीस बोल्ट. गंगाधरने ते खास कडक पोलादाचे आणले. प्रत्येक पायाचे चार बोल्ट वेगळ्या पुरचुंडीत बांधून राधाबाईच्या हातात दिले, आणि विनीतला बजावलं, "बाकी कुठे काटकसर कर. हे बोल्ट सोडून दुसरं काही ह्या भोकात घालायचं नाही." राधाबाईने पुरचुंड्या डब्यात ठेवल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पायाच्या पुरचुंडीला तिने लाल दोरा बांधला. बाकीच्या पाचांना पांढरा.

पहिलं वर्षभर ती चौकटीला पिंजराच म्हणायची. पोपट कधी आणतोस, असं विनीतला विचारायची. मग एका स्पर्धेत मी खरंच उलटले. चारही चाकं आभाळाकडे. विनीत पट्टा सोडून बाहेर आला तो हसतच, कोपराला नुसतं खरचटलेलं. घरी आल्यावर राधाबाईने चौकटीवरचा घासलेला रंग पाहिला. पदराने तिथली माती पुसली. त्या दिवसापासून पिंजरा हा शब्द पुन्हा तिच्या तोंडी आला नाही.

आणि तिथेच घात झाला, मित्रांनो. आधी ती चौकटीला हसायची, तेव्हा विनीत सुखरूप होता.

त्या वर्षी विसर्जन झालं, पितृपक्ष गेला, नवरात्र आलं. गंगाधर गावी गेला होता. विनीतला सुट्टी मिळाली ती थेट खंडेनवमीला, आणि स्पर्धा होती दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. तो एकटाच चौकट बसवायला लागला. पाच पाय झाले. लाल दोऱ्याची पुरचुंडी डब्यात नव्हती.

तुम्हाला ठाऊक असेल, खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करतात. सीतारामचा पाना, कोयती, शिलाई मशीनची कात्री, सगळं पाटावर मांडलेलं. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेले, झेंडूखाली झाकलेले ते चार बोल्ट. चोवीसांतून तिने नेमके तेच निवडले होते. ज्या पायाला पाठ टेकून तिचा मुलगा बसतो, त्या पायाचे. देवाने त्यांत बळ घालावं म्हणून.

त्यांच्या घरची रीत अशी, की पाटावरचं लोखंड दसऱ्याचं सोनं वाटून झाल्याशिवाय हलवायचं नाही. सोनं वाटणार संध्याकाळी. विनीत निघणार पहाटे.

आमची खोली तिसऱ्या माळ्यावर, पण राधाबाईचा आवाज मला खाली ऐकू येतो.

"आये, दे ना ते. तिथे काय आपट्याची पानं लावू?"

"तुझ्या बापाने पूजेतला पाना हलवला नाही कधी. गिऱ्हाईक दारात उभं असायचं तरी."

"गंगाधरकाका काय म्हणाले ते आठवतंय ना?"

"गंगाधर देव नाही. नाहीतर जाऊ नको उद्या."

विनीत हसला. आईशी भांडून तो कधी घराबाहेर पडला नव्हता. "बरं," म्हणाला, "राहू दे. मी करतो काहीतरी."

त्याने काय केलं ते मी सांगते, कारण मी तिथे होते. जिन्याखाली मंडपवाला एक पिशवी विसरून गेला होता. त्यातले चार बोल्ट विनीतने काढले. तीच जाडी, तीच लांबी. माझ्यात घालून आवळले. मला लगेच कळलं. ते कच्च्या लोखंडाचे होते, पाना फिरला तसे दबत गेले. पण लोखंडाला तोंड नाही, मित्रांनो. हॉर्न आहे, तोही दुसऱ्या कोणी दाबला तर वाजतो.

पहाटे राधाबाई खाली आली. माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, विनीतच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. "ते काम झालं का?" एवढंच तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

दुपारी मी उलटले. गेल्या वेळेसारखीच, तेवढ्याच उंचीवरून. पाच पायांनी वजन झेललं. सहाव्याचे चारही बोल्ट सुपारी फुटावी तसे एकामागून एक फुटले. पाय उखडला आणि पाइप आत वाकला, विनीतच्या पाठीत.

तो वाचला. पण कमरेखाली जीव राहिला नाही. आज तो तिसऱ्या माळ्यावर खिडकीपाशी पडून असतो. वर्कशॉपमधली मुलं भेटायला आली की सांगतो, मीच ब्रेक उशिरा लावला. सगळ्यांना तेच सांगतो. आईलाही.

मला ओढून आणून इथे उभं केलं. गंगाधर गावाहून आला तो सरळ माझ्याकडे. खाली वाकून त्याने भोकातला तुटका तुकडा काढला, उजेडात धरला. राधाबाई पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"वहिनी, हा मंडपाचा आहे. माझे चार कुठे आहेत?"

जिने जन्मभर कुणाला उत्तर द्यायला उशीर केला नाही, तिने कळशी खाली ठेवली.

"पूजेत," ती म्हणाली.

गंगाधर तुकडा खिशात घालून गेला. त्यानेही कोणाला सांगितलं नाही. आईला कळलंय हे विनीतला माहीत नाही, आणि ती कधी सांगणार नाही.

मित्रांनो, मी कोणाला शिकवायला बसले नाही. लोखंडाला कुंकू जरूर लावा. आम्हालाही मान आवडतो. पण जी वस्तू जीव सांभाळते तिला आधी तिच्या जागेवर बसवा, मग तिथेच वाकून नमस्कार करा. आणि ज्याने ती घडवली त्याचं ऐका, तो देव नसला तरी.

काल खंडेनवमी होती. ह्या वर्षी त्या घरात पाट मांडला नाही. दुपारी चाळ झोपली तेव्हा राधाबाई खाली आली, सीतारामचा पाना आणि लाल दोऱ्याची पुरचुंडी घेऊन. ताडपत्री बाजूला केली, गुडघे धरत आत चढली. बोल्टांच्या आट्यांत अजून कुंकू होतं. ते तिने नखाने खरवडून काढलं, पदराला पुसलं, आणि एकेक बोल्ट भोकात घालायला लागली. उखडलेला पाय भोकापासून वीतभर लांब गेलेला. तिने तो दोन्ही हातांनी दाबला, खांदा लावून रेटला. तो हलला नाही.

वरून विनीतने हाक मारली, "आये, कुठे आहेस?"

"इथेच आहे रे," ती म्हणाली. "जीप पुसतेय."

आणि पाना उचलून तिने पुन्हा पहिल्या बोल्टापासून सुरुवात केली.